अस्वल बघायला जायचंय? आधी हे वाचा

डोंगराच्या पायथ्याशी एक मंदिर, समोर अस्वलांची जोडी आणि त्यांना हातानं प्रसाद भरवणारे भाविक. हा व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असेल. छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात बागबाहराजवळ घुंचापाली नावाचं गाव आहे, तिथल्या चंडी माता मंदिराची ही दृश्यं. ती पाहून अनेकांना वाटतं, आपणही जाऊन असं जवळून अस्वल बघावं.

अस्वल बघायला नक्की जा. फक्त जवळून बघायला जाऊ नका. असं का, आणि मग जायचं तरी कुठं?

आपलं अस्वल कोणतं?

महाराष्ट्र, कर्नाटक आणि मध्य प्रदेशच्या जंगलात दिसतं ते स्लॉथ बेअर. काळे झिपरे केस, छातीवर इंग्रजी 'व्ही'सारखा पांढरट पट्टा आणि लांबलचक नख्या. 1791 मध्ये जॉर्ज शॉ या ब्रिटिश अभ्यासकानं या नख्या पाहून त्याला स्लॉथ या झाडाला लटकणाऱ्या प्राण्याचा भाऊबंद ठरवलं. चूक नंतर लक्षात आली, पण नाव तेच राहिलं.

वाळवी हा त्याचा आवडता खुराक. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते व्हॅक्युम क्लीनरसारखी वाळवी ओढून घेतं. हा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येऊ शकतो. याशिवाय मध, बोरं, जांभळं आणि मोहाची फुलं त्याला लागतात.

अस्वल एवढं धोकादायक का?

त्याची नजर आणि कान फारसे तीक्ष्ण नसतात, भिस्त सगळी नाकावर. त्यामुळे खाण्यात गुंग असलेल्या अस्वलाला माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. आणि कळलं की ते दचकतं. वाघ-बिबट्यांच्या जंगलात वाढलेला हा प्राणी दचकला की पळून जाण्याऐवजी अनेकदा थेट अंगावर येतो. पिल्लं पाठीवर असलेली मादी तर जास्तच.

याची झळ पर्यटकांपेक्षा गावकऱ्यांना बसते. चंद्रपूर, गडचिरोली, बुलडाणा भागात पहाटे मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसांवर हल्ले होतात. जखमा बहुतेक वेळा डोक्याला आणि चेहऱ्याला होतात.

म्हणूनच प्रसाद भरवण्याचा व्हिडिओ गोड वाटला तरी काळजीचा आहे. माणूस म्हणजे खाऊ, हे एकदा शिकलेलं अस्वल पुढच्या माणसाकडेही त्याच अपेक्षेनं जातं. त्या माणसाच्या हातात प्रसाद असेलच असं नाही.

मग बघायचं कुठं?

दरोजी, कर्नाटक: हंपीपासून साधारण 15 किलोमीटरवर दरोजी अस्वल अभयारण्य आहे. 1994 मध्ये खास अस्वलांसाठी ते राखलं गेलं. मोठमोठ्या शिळांचे डोंगर आणि त्यांतल्या कपारी, म्हणजे अस्वलाला आयतं घर. समोरच्या टेकडीवर मनोरा आहे. दुपारनंतर तिथं बसायचं आणि खालच्या खडकांवर उतरणारी अस्वलं दुर्बिणीतून पाहायची.

एक गोष्ट माहीत असू द्या. अस्वलं यावीत म्हणून वनकर्मचारी त्या खडकांना गूळ-मधासारखं गोड खाद्य लावतात. हेही एक प्रकारे खाऊ घालणंच, आणि त्यावर आक्षेप घेता येतो. पण इथं पर्यटक आणि अस्वल समोरासमोर येत नाहीत, हा मोठा फरक.

सोलापूरहून विजयपूरमार्गे होसपेटला जाता येतं, अंतर साधारण 300 किलोमीटर. जवळचं रेल्वे स्टेशनही होसपेटच. सकाळी हंपी, दुपारी दरोजी असा बेत एका दिवसात बसतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा बरी असते.

सातपुडा, मध्य प्रदेश: सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं मढई गेट अस्वलांसाठी ओळखलं जातं. इथं खाद्य लावलेलं नसतं, त्यामुळे दिसलं तर नशीब. पण जे दिसेल ते त्याच्या मर्जीनं वागणारं अस्वल.

ताडोबा आणि मेळघाट: दोन्हीकडे अस्वलं आहेत. मात्र ताडोबात बहुतेक जिप्सी वाघामागे धावतात. तुम्हाला अस्वलात रस आहे, हे गाईडला निघण्याआधीच सांगा. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो, पुढे पाणवठे आटतात. दिसण्याची शक्यता तेव्हा वाढते. पावसाळ्यात कोअर भाग बंद असतो, त्यामुळे बुकिंगआधी वेळा आणि सुट्टीचे दिवस तपासा.

सोबत काय न्यायचं, काय टाळायचं?

- दुर्बीण हवीच. मोबाईलच्या झूममध्ये काळा ठिपका दिसेल.
- मातकट रंगाचे कपडे घाला आणि अत्तर लावू नका. अस्वलाचं नाक तुमच्याआधी तुम्हाला ओळखतं.
- किमान दोन फेऱ्यांचा वेळ ठेवा. एका फेरीत दिसेलच याची हमी कुणी देत असेल तर सावध व्हा.
- "गुहा दाखवतो, चला" म्हणणाऱ्यासोबत पायी जाऊ नका.
- खायला टाकू नका, हाका मारू नका. गाडीतून उतरायचं नाही.

पायी असताना समोर आलंच तर?

पळू नका, ते तुमच्यापेक्षा वेगानं धावतं. झाडावरही चढू नका, तेही चढतं. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. हल्ला झालाच तर पालथं पडून मान आणि डोकं हातांनी झाका. जंगलाच्या कडेनं चालताना आधीपासूनच मोठ्यानं बोलत राहणं सगळ्यात उपयोगी. त्याला चाहूल लागली की बहुतेकदा ते स्वतःच वाट बदलतं.

शेवटी एवढंच

घरात आजी-आजोबांना विचारून बघा. त्यांनी अस्वल पाहिलं असेल ते दरवेशाच्या दोरीला बांधलेलं, नाकात वेसण घातलेलं. त्याच्या केसाचा ताईतही कुणी घेतला असेल. कायद्यानं यावर बंदी होतीच, पण रस्त्यावरचं शेवटचं नाचणारं अस्वल सुटायला 2009 साल उजाडलं.

आपल्याला ते मोकळं बघायला मिळतंय. त्यासाठी थोडं लांब बसावं लागलं, तर बसूया.