आजोबांची कुऱ्हाड

आमच्या महाविद्यालयातील कन्नड मित्र कुऱ्हाडीला ‘कोडली’ म्हणतात. बडोद्याला माझ्या आजोळी शेजारीपाजारी ‘कुहाडी’ म्हणतात. नावे निरनिराळी असली तरी गंज सर्वत्र सारखाच चढतो. तो उतरवायचा कसा, हे मी मे महिन्याच्या सुटीत शिकलो.

माझे आजोळ बडोद्याच्या वाडी भागात आहे. माळा आवरताना मामांनी भंगाराच्या ढिगात एक कुऱ्हाड टाकली. आजोबा हिनेच रोज पहाटे बंबासाठी लाकडे फोडीत. ते गेले, गिझर आला आणि कुऱ्हाड माळ्यावर गेली. आजी काही बोलली नाही. फक्त ढिगाजवळून दोनदा गेली. मी म्हणालो, “मामा, एवढी देऊ नका.” ते म्हणाले, “भंगारवाला रविवारी येईल. तोवर काय करायचं ते कर.”

प्रथम गंज म्हणजे काय ते पाहू. लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू ही दोन्ही मिळाली की गंज तयार होतो. तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून त्याचे पोपडे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. दिल्लीचा सुमारे १६०० वर्षांचा लोहस्तंभ मात्र टिकला, कारण त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने वर एक रक्षक थर बसला आहे. आमच्या कुऱ्हाडीला असे भाग्य नव्हते.

मी दांडा काढून पाते चोवीस तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले. त्यातील आम्लाने गंज सैल झाला. मग तारेच्या ब्रशाने आणि नारळाच्या काथ्याने घासल्यावर काळसर पोलाद दिसू लागले. आम्लाचा अंश राहिला तर गंज पुन्हा धरतो. म्हणून पाते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे केले.

धार विजेच्या चाकावर पाच मिनिटांत लागली असती. परंतु कोरड्या चाकावर पोलाद तापते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला ते निळे पडते आणि धारेचा कडकपणा जातो. म्हणून पाते पाटाला घट्ट बांधून मी कानस चालवली, तीही पुढे ढकलतानाच दाब देऊन. दोन्ही बाजू मिळून पंचवीस-तीस अंशांचा कोन ठेवला. शेवटी ओल्या दगडावर फिरवली. या कामाला दोन दिवस लागले आणि तळहाताला फोड आले.

खरा प्रश्न दांड्याचा होता. आजोबांच्या मुठीने तो गुळगुळीत झाला होता; परंतु नेढ्याजवळ उभी चीर गेली होती. सुतळी गुंडाळून तोच ठेवावा असे मला वाटत होते. गल्लीतले सुतारकाका म्हणाले, “पातं उडून कुणाच्या कपाळात बसेल. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणतात ते खरं करायचंय का?” त्यांनी लांबीशी समांतर रेषा असलेले बाभळीचे लाकूड निवडून नवा दांडा तासून दिला. तो नेढ्यात ठोकून वरून पाचर मारली आणि जवसाचे कच्चे तेल चोळले. या तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नयेत. ते आपोआप पेट घेतात. ओले करून, पसरून वाळवावेत.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली ज्या बडोद्यात कलाभवन काढून हातकामाला शिक्षणाचा मान दिला, तेथे वाणिज्य शाखेचा मी विद्यार्थी कानस कशी धरावी हे विसाव्या वर्षी शिकलो! हिशेबाच्या भाषेत या कुऱ्हाडीची किंमत घसाऱ्याने केव्हाच शून्य झाली होती आणि माझा खर्च भंगाराच्या भावाहून अधिक झाला. खतावणीत हा व्यवहार तोट्याचाच दिसेल.

जुना दांडा मात्र आजीने टाकू दिला नाही. आता ती त्याने मागच्या दाराला अडसर लावते.

रविवारी भंगारवाला आला. मामांनी त्याला जुना पंखा दिला आणि फुटकी बादली दिली. कुऱ्हाड दाराआड उभी होती. ती त्यांनी त्याला दाखवलीसुद्धा नाही.