रुग्णशय्या आणि वृद्धांचे पाय

गेल्या पावसाळ्यांत माझे ज्येष्ठ बंधु, वय वर्षें 78, फुफ्फुसदाहानें आजारी पडून नऊ दिवस इस्पितळांत होते. पांचव्या दिवशीं ज्वर उतरला, श्वास मोकळा झाला, आणि नवव्या दिवशीं डॉक्टरांनीं घरीं जाण्यास अनुज्ञा दिली. परंतु जे दादा स्वतःच्या पायांनीं जिना उतरून गेले होते, त्यांस खुर्चींत बसवून वर आणावें लागलें. हा आजाराचाच परिणाम, असें आम्ही सर्वजण समजलों.

वस्तुतः त्यांत आमच्या सेवेचा वांटा मोठा होता. सुना पाळीपाळीनें उशाशीं बसत, दादांनीं हात लांबविण्यापूर्वींच पाण्याचा पेला ओठांशीं येई, देहधर्मही खाटेवरच. तिसऱ्या दिवशीं परिचारिका म्हणाली, "आजोबांना थोडा वेळ खुर्चींत बसवूं या." तिला मींच अडविलें. अष्टांगहृदयांत वृद्धांस व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, असें प्रमाणही तिला ऐकविलें. बिचारी निमूटपणें निघून गेली.

प्रमाण खरें होतें, मीं लावलेला अर्थ मात्र चुकीचा. शास्त्रकार ज्यास व्यायाम म्हणतात तें शरीरास आयास देणारें कर्म होय. खुर्चींत बसून भात खाणें हा कांहीं आखाडा नव्हे! जन्मभर मुलांस संदर्भ पाहून अर्थ लावावयास शिकविलें, आणि स्वतः तेंच विसरलों.

अंथरुणाच्या अपायांविषयीं लंडनचे डॉ. रिचर्ड ॲशर यांनीं 1947 सालींच लेख लिहून सावध केलें होतें. अमेरिकेंत 2007 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तर धडधाकट वृद्धांस दहा दिवस केवळ निजवून ठेवलें. आजार कसलाच नव्हता. तरी त्यांच्या पायांचें मांस सरासरीनें सुमारें एक किलोग्रॅम घटलें.

स्पेन देशांतील पाम्प्लोना येथें 75 वर्षें व त्यापुढील 370 रुग्णांची पाहणी झाली. निष्कर्ष 2018 सालीं प्रसिद्ध झाले. आधारानें कां होईना, चालूं शकणारेच रुग्ण निवडले होते. सरासरी वय 87! एका गटास नेहमींचे उपचार दिले. दुसऱ्या गटाकडून त्याशिवाय सकाळसायंकाळ वीस वीस मिनिटें व्यायाम करविला: पायांनीं भार लोटणें, तोल सांभाळणें, चालणें. जेवण, स्नान, वस्त्र नेसणें, जिना चढणें इत्यादि स्वावलंबनास शंभर गुण देणारी बार्थेल नांवाची मोजणी आहे. घरीं जातांना पहिल्या गटाचे सरासरी 5 गुण घटले होते. व्यायाम करणाऱ्यांचे जवळजवळ 2 वाढले होते.

म्हणून वृद्ध माणूस इस्पितळांत गेल्यास पहिल्याच दिवशीं डॉक्टरांस विचारावें, यांस केव्हां बसवूं आणि केव्हां उभें करूं? अस्थिभंग, हृदयविकार, घेरी असतां आपल्या मतानें कांहींएक करूं नये. अनुज्ञा मिळाली म्हणजे जेवण खुर्चींत द्यावें, खुर्चीवरून जमेल तितक्या वेळां उठावें-बसावें, आणि व्हरांड्यांत दोन वेळां चालावें. पडण्याचें भय खोटें नाहीं. पायांतील चपला निसटत्या नसाव्या, सलाईनची नळी परिचारिकेस विचारूनच हलवावी, व नातवानें अगदीं शेजारून चालावें. पाण्याचा पेला हाताच्या टप्प्यांत ठेवावा, ओठांशीं नेऊं नये.

दादा आतां काठी टेकीत देवघरापर्यंत जातात. जिना मात्र अद्याप उतरलेले नाहींत.