शब्द एक, गरजा दोन : डे-लिली आणि हनीड्यू खरबूज

बागकामाच्या एखाद्या पुस्तिकेत डे-लिली या फुलझाडाचे पान काढावे आणि त्याशेजारी हनीड्यू या खरबुजाचे पान ठेवावे. दोन्हीकडे बहुधा तीच तीन वाक्ये आढळतील : भरपूर ऊन हवे, निचऱ्याची जमीन हवी, पाणी नियमित द्यावे. जमिनीचा सामूही दोहोंस सारखाच, म्हणजे ६ ते ६.८ च्या आसपासचा मानवतो. एवढ्यावरून ही दोन झाडे एकाच वाफ्यात सुखाने नांदतील असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्यास दोष देता येणार नाही. तथापि तो निष्कर्ष चुकीचा आहे. आणि तो का चुकतो, हा प्रश्न जितका उद्यानविद्येचा तितकाच अर्थविचाराचाही आहे. प्रस्तुत लेखकाचा अभ्यासविषय भाषा हा असल्याने त्याच बाजूने या तुलनेकडे पाहावयाचे आहे.

प्रथम नावांचा विचार करू. डे-लिली ही खरी लिली नव्हे. लिली कांद्यापासून वाढते. डे-लिलीला कांदा नसतो, जाड मांसल मुळ्यांचा झुबका असतो. पूर्वी तिची गणना लिलीच्या कुलात होत असे; आता वनस्पतिशास्त्रज्ञ तिला कोरफडीच्या कुलात घालतात. लिनिअसने १७५३ मध्ये तिला 'हेमेरोकॅलिस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'हेमेरा' म्हणजे दिवस व 'कॅलोस' म्हणजे सौंदर्य. तिचे प्रत्येक फूल साधारणतः एकच दिवस टिकते, म्हणून हे नाव. हनीड्यू हा खरबुजाचाच एक प्रकार. ज्या गटात तो मोडतो त्याचे लॅटिन नाव 'इनोडोरस', म्हणजे गंधहीन, असे आहे. पिकलेल्या इतर खरबुजांचा दरवळ या फळास नसतो. इंग्रजीत 'हनीड्यू' हा शब्द मावा पडलेल्या पानांवरील गोड चिकट द्रवासही लावतात. आपला शेतकरी त्यास चिकटा म्हणतो. तेव्हा एकाच शब्दाने फळाचा गौरव होतो आणि रोगट पानाची खूणही सांगितली जाते. नाव हे वस्तूचे वर्णन असेलच असे नाही, हा धडा येथेच मिळतो. गरजांची नावेही त्यास अपवाद नाहीत.

'ऊन' हाच शब्द घ्या. डे-लिलीस दिवसातून सहा तास ऊन मिळाले म्हणजे पुरे होते. उष्ण प्रदेशात दुपारनंतर थोडी सावली मिळाली तर गडद रंगाच्या फुलांस ती हितावहच ठरते. कारण प्रखर उन्हाने त्यांचा रंग उतरतो. हनीड्यूच्या बाबतीत ऊन म्हणजे प्रकाश आणि उष्णता ही दोन्ही होत. त्याचे बी रुजावयास जमीन सुमारे २० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असावी लागते. वेलाची वाढ २५ ते ३२ अंशांच्या दरम्यान उत्तम होते. आणि हलकेसे हिमदेखील त्याचा घात करते. उलट डे-लिलीच्या अनेक जाती कित्येक महिने बर्फाखाली पडून राहतात व वसंतात पुन्हा फुटतात. इतकेच नव्हे, तर हिवाळ्यात पाने गाळणाऱ्या जातींना ती थंडी हवीच असते. महाराष्ट्राच्या मैदानी भागात लावणी करावयाची झाल्यास सदापर्णी जाती निवडाव्या लागतात, याचे कारण हेच.

'नियमित पाणी' या शब्दप्रयोगात तर याहून मोठी फसगत आहे. डे-लिलीच्या मुळ्यांत पाण्याचा व अन्नाचा साठा असतो. थोडी आबाळ झाली तरी ती मरत नाही. परंतु कळ्या धरल्यापासून फुले संपेपर्यंत पाणी कमी पडले, तर कळ्या गळतात व फुले लहान येतात. म्हणजे तिची तहान फुलोऱ्याच्या शेवटापर्यंत चढती असते. हनीड्यूचा क्रम याच्या उलट आहे. वेल पसरत असता व फळ पोसत असता त्यास भरपूर पाणी लागते; पण फळ पक्वतेस येऊ लागले की पाणी कमी करावयाचे असते. त्या वेळी सढळ पाणी दिल्यास फळ पाणचट होते, क्वचित तडकतेही. खरबुजात पिष्टाचा साठा नसल्यामुळे तोडल्यानंतर त्याची गोडी वाढत नाही; जी साखर यावयाची ती वेलावर असतानाच पानांकडून यावी लागते. दोन्ही झाडे एका वाफ्यात असून एकीचा फुलोरा व दुसऱ्याची पक्वता एकाच वेळी आली, तर माळ्याने पाणी द्यावे की तोडावे ? पुस्तिकेतील 'नियमित' हा शब्द या प्रश्नास उत्तर देत नाही.

या भेदाच्या मुळाशी आयुष्याची घडण आहे. हनीड्यू हे एका हंगामाचे पीक. सुमारे ९० ते ११० दिवसांत त्याचा सारा संसार आटोपतो. आपल्याकडे खरबुजाची पेरणी डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास होते व पावसाळ्यापूर्वी वेल निघून जातो. डे-लिली बहुवर्षायू आहे. ती त्याच जागी पावसाळाही काढते. म्हणून 'निचरा' हा शब्द खरबुजाच्या बाबतीत काही आठवड्यांपुरता, तर डे-लिलीच्या बाबतीत वर्षानुवर्षांच्या पावसापुरता वाचावा लागतो. पाणी साचून राहिल्यास तिचा गड्डा कुजतो. तीन ते पाच वर्षांनी झुबका उपटून विभागणे ही तिची आणखी एक गरज. खरबुजास ती असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

एक गरज मात्र त्या तीन वाक्यांत मुळीच येत नाही. खरबुजाचे फूलदेखील एकच दिवस टिकते. त्या सकाळी मधमाशी आली नाही, तर ते फूल वाया गेले. डे-लिलीचे एक फूल वाया गेल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरे उमलते, आणि झाडाची वाढ मुळ्यांच्या विभागणीनेही होते. नारिंगी डे-लिलीचा सर्वत्र पसरलेला एक प्रकार तर त्रिगुणित व वंध्य असून केवळ जमिनीखालील फुटव्यांनी वाढत आला आहे. एकदिवसीय फूल दोघांनाही आहे. पण एकीस तो अलंकार आहे, तर दुसऱ्यास ती परीक्षा आहे.

ही दोन्ही झाडे जेथे नावारूपास आली आहेत असा एक प्रदेश म्हणजे चीनमधील गान्सू प्रांत. प्रांताच्या पूर्वेकडील छिंगयांग परिसर डे-लिलीच्या कळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे फूल उमलू देत नाहीत. कळी मिटलेली असतानाच खुडतात, वाफवतात व वाळवतात. बाजारात तिला 'सोन्याच्या सुया' म्हणतात. याच प्रांतातील कोरड्या लानचौ शहराच्या परिसरात वर्षास जेमतेम ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथे हनीड्यू पिकते. १९४४ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस चीनच्या दौऱ्यावर गेले असता त्यांच्यामार्फत हे बी तेथे पोचले, असे सांगतात. ते फळ पुढे काही काळ त्यांच्याच नावाने ओळखले जाई. तेथील शेतकरी शेतावर वाळू व गोट्यांचा थर पसरतात. त्या थराने ओल टिकते, जमीन लवकर तापते. एका प्रांतात दोन्ही आहेत, परंतु एका वाफ्यात नव्हेत. आणि छिंगयांगला जी कळी हवी आहे, तिची गरज शोभेच्या बागेतील कळीहून निराळी आहे. तेथे फूल टिकावे अशी अपेक्षाच नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष असा. 'गरज' हा झाडाचा स्वतंत्र गुणधर्म नव्हे. झाड, काळ आणि आपला हेतू या तिहींमधील तो संबंध आहे. 'झाडास पाणी हवे' हे विधान कोणत्या अवस्थेत, किती दिवस व कशासाठी, हे सांगितल्यावाचून अपुरे राहते. शेतीविषयक पुस्तिका मराठीत आणताना आपण नामांची भाषांतरे कसोशीने करतो. विशेषणे व कालवाचक पदे मात्र सैल सोडतो. 'नियमित', 'भरपूर', 'योग्य' ही पदे वाचणारास काही सांगितल्याचा भास करून देतात. त्यांच्या जागी 'फळ पोसेपर्यंत', 'फुले संपेपर्यंत', 'दुपारपर्यंत' अशी पदे आली, तर वाक्य थोडे लांबेल खरे. पण त्या वाक्यावर विसंबून पेरणी करणाऱ्याचा हंगाम वाया जाणार नाही. परिभाषा घडविण्याच्या कामी आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी हातभार लावावयाचा असेल, तर आरंभ येथून करण्यास हरकत नसावी.