जुना लॅपटॉप अडतो कुठे?

२०१५ ते २०१९ या काळात भारतात विकल्या गेलेल्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपांच्या जाहिराती आठवून पाहाव्यात. त्यांत दोन आकडे हमखास असत : चार जीबी रॅम आणि एक टीबी हार्ड डिस्क. भुरळ घालायचा तो दुसरा आकडा. लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे फोटो, सिनेमे, सगळं मावेल एवढी जागा! ती डिस्क मिनिटाला किती फेरे घेते, हे विचारायचं मात्र फारसं कुणाच्या मनात येत नसे. आज ‘फार हँग होतो’ म्हणून बाजूला पडलेल्या लॅपटॉपांमध्ये याच जोडीचे लॅपटॉप मोठ्या संख्येने सापडतील. त्यांचा प्रोसेसर बहुधा अजून धडधाकट असतो. टायपिंग, हिशेब, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास यांना तो सहज पुरतो. घोडं अडतं ते दुसरीकडेच.

कुठे अडतं, हे लॅपटॉप स्वतःच दाखवतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ या भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख धावताना दिसतात. जुन्या यंत्रात सुरुवातीची काही मिनिटं प्रोसेसरचा आलेख तळाशी रेंगाळतो आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांना चिकटून बसलेली असते. म्हणजे काम करणारा रिकामा बसला आहे आणि त्याच्या हातात माहिती वेळेवर पोचत नाही. नवा प्रोसेसर, पर्यायाने नवा लॅपटॉप, हा या दुखण्यावरचा सर्वांत महागडा इलाज झाला. आधी डिस्क बदलून पाहावी.

हार्ड डिस्क हे आपल्या पिढ्यांनी वापरलेलं एक विलक्षण यंत्र आहे, यात शंका नाही. १९५६ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांत मावत होती सुमारे पाच एमबी माहिती. पुढे तबकड्या लहान झाल्या, क्षमता लाखो पटींनी वाढली, पण मूळ रचना तीच राहिली : फिरणारी तबकडी आणि तिच्यावरून सरकणारा वाचक हात. लॅपटॉपमधली तबकडी मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी हात योग्य वर्तुळावर न्यायला साधारण बारा मिलिसेकंद गेलेले असतात. एकूण सतरा-अठरा. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण या हिशेबाने सेकंदाला जेमतेम पन्नास-साठ ठिकाणं वाचून होतात, आणि विंडोज सुरू होताना डिस्कवर विखुरलेल्या हजारो लहान लहान तुकड्यांची मागणी करत असते.

हा फरक डोळ्यांसमोर आणायला काळ ताणून पाहावा. रॅममधून माहिती मिळायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या वेळाला आपण एक सेकंद म्हटलं, तर हार्ड डिस्कच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडीकडून तीच माहिती यायला पंधरा-सतरा मिनिटं लागतील आणि फिरत्या हार्ड डिस्ककडून जवळजवळ दोन दिवस.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिच्यातल्या चिप्स नँड फ्लॅश प्रकारच्या, म्हणजे पेन ड्राइव्हच्याच जातकुळीच्या. फ्लॅश मेमरीची ही कल्पना जपानमधल्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांची. नँड फ्लॅश त्यांनी १९८७ साली मांडली. वीज गेली तरी सूक्ष्म कप्प्यांत अडकलेला विद्युतभार तसाच राहतो आणि तीच साठवलेली माहिती. हात हलवायचा नाही, तबकडीची वाट पाहायची नाही. जुन्या लॅपटॉपच्या साटा जोडणीवरही अशी ड्राइव्ह सेकंदाला पाचशे-साडेपाचशे एमबी वाचते. हार्ड डिस्क शंभरच्या आसपास दमते. अर्थात सलग वाचनातल्या या पाचपट वेगापेक्षा विखुरलेल्या माहितीतला शंभराहून अधिक पटींचा फरक महत्त्वाचा, कारण रोजच्या वापरात जाणवतो तो हाच. साटाच्या तिसऱ्या पिढीऐवजी दुसरी पिढी असलेल्या २०१० च्या आसपासच्या यंत्रातही सेकंदाला अडीचशेच्या वर एमबी मिळतात, तेव्हा यंत्र जुनं म्हणून एसएसडी वाया जाईल असं समजू नये.

मग रॅमचं काय? रॅम कमी पडली की विंडोज एक मार्ग काढते. मेमरीत न मावणारा मजकूर ती डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. चार जीबीतला मोठा हिस्सा विंडोज आणि विषाणूरोधक प्रोग्रामच खातात. वर ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की ही ने-आण सुरू होते. डिस्क संथ असेल तर यंत्र गोठल्यासारखं होतं. म्हणूनच ही दोन दुखणी एकमेकांना वाढवतात. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी आधी घ्यावी. दोन्ही जमत असेल तर रॅम आठ जीबीवर न्यावी. घरगुती कामाला सोळा जीबी असेल तर उत्तमच, पण चारावरून आठावर जाताना जो फरक पडतो तेवढा आठावरून सोळावर जाताना पडत नाही. एक अट मात्र आहे : विंडोज ३२ बिटची असेल तर तिला चार जीबीच्या पुढची रॅम वापरता येत नाही. अशा वेळी ६४ बिटची आवृत्ती नव्याने टाकावी लागते.

खरेदीच्या आधी पाहायच्या गोष्टींत फसगत सर्वांत जास्त होते ती रॅमच्या पिढीत. डीडीआर३ च्या लॅपटॉप पट्टीला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०; खाचही वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. डीडीआर३ मध्येही दोन प्रकार आहेत, दीड व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल. त्या दिसायला सारख्या आणि स्लॉटमध्ये बसतातही सारख्याच. पण इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या बहुतेक लॅपटॉपांना कमी व्होल्टचीच पट्टी लागते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर टिचकी मारली की किती स्लॉट आहेत आणि किती भरले आहेत ते कळतं. दोन स्लॉट असतील तर सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या टाकाव्यात. प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात त्याचा फायदा चित्र आणि व्हिडिओलाही होतो.

ड्राइव्हच्या बाबतीत गोंधळ घालतो तो एम.२ हा प्रकार. बावीस मिलिमीटर रुंद, बहुधा ऐंशी मिलिमीटर लांब अशी ती पट्टी. पण दिसायला सारख्या असलेल्या या पट्ट्यांत काही साटा पद्धतीने बोलतात, काही एनव्हीएमई पद्धतीने, आणि प्रत्येक लॅपटॉपला दोन्ही भाषा येतात असं नाही. मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय एम.२ ड्राइव्ह विकत घेऊ नये. जुन्या अडीच इंची हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवणं हा सर्वांत निर्धास्त मार्ग. आणखी एक इशारा गंभीरपणे द्यायला हवा. काही शे रुपयांत दोन टीबीची ड्राइव्ह कुणी विकत असेल तर ती खोटी समजावी. आतली छोटी चिप संगणकाला मोठा आकडा सांगते आणि खरी जागा संपली की जुन्याच माहितीवर नवी लिहीत जाते. फोटो गेल्यावरच ते कळतं.

उघडण्यापूर्वी बॅकअप. यात सवलत नाही. जुनी डिस्क आधीच आजारी असू शकते आणि नवीवर सगळी माहिती नेताना तिच्यावर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. मग दोन मार्ग असतात. एक म्हणजे यूएसबी ते साटा केबलने एसएसडी बाहेरून जोडून क्लोनझिलासारख्या मोफत प्रोग्रामने जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत करणं. मात्र क्लोनझिला मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर सहसा प्रत करत नाही. एक टीबीवरून पाचशे जीबीवर येताना जुने विभाग आधी लहान करावे लागतात. दुसरा मार्ग विंडोज नव्याने टाकण्याचा. वर्षानुवर्षांचा कचरा साचलेल्या यंत्राला हाच अधिक मानवतो. विंडोज १० किंवा ११ चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे ड्राइव्ह बदलली म्हणून तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यावी.

बसवण्याचं काम त्यामानाने थोडक्यात आटोपतं. चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर तीही; आत असेल तर तिची जोडणी सोडवायची. अंगावरची स्थिर वीज उतरवायला एखाद्या उघड्या धातूला हात लावायचा. रॅमची पट्टी तिरकी धरून पूर्ण आत सरकवायची आणि खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा आवाज आला की ती बसली. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही वेळ काळाच राहू शकतो. लगेच बटण दाबत सुटू नये. यंत्र नव्या मेमरीची ओळख करून घेत असतं.

हे सगळं किती सोपं असू शकतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे लेनोव्होचा २०११ सालचा थिंकपॅड एक्स२२०. त्याच्या बाजूचा एक स्क्रू काढला की ड्राइव्ह हातात येते. कंपनीने कमाल आठ जीबी रॅम सांगितली होती. प्रत्यक्षात त्यात सोळा जीबी व्यवस्थित चालते. ॲपलचा २०१२ चा तेरा इंची मॅकबुक प्रोही तसाच. खालचे दहा स्क्रू काढले की रॅमचे दोन स्लॉट आणि अडीच इंची ड्राइव्ह समोर. ते मॉडेल ऑक्टोबर २०१६ पर्यंत विकलं जात होतं. पण जून २०१२ मध्ये त्याच्याच सोबत ॲपलने रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आणला आणि त्यात रॅम मदरबोर्डवरच डागलेली होती. लॅपटॉप सडपातळ करण्याच्या ओढीत इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. दहा वर्षं टिकू शकणाऱ्या यंत्राचं आयुष्य खरेदीच्या दिवशी निवडलेल्या रॅमवर ठरवून टाकणं हा ग्राहकावर अन्याय आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात त्याचं पोर्टल सुरू झालं, ते या प्रश्नाचं महत्त्व ओळखूनच. उद्योगातही हालचाल आहे : डागलेल्या रॅमइतकी पातळ पण स्क्रूने निघणारी एलपीकॅम२ ही मेमरी २०२४ मध्ये थिंकपॅडच्या एका मॉडेलमध्ये आली.

सध्या अडचण आहे ती भावाची. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सची मागणी इतकी वाढवली की २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने आपला क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांचा जुना ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळणाऱ्या वापरलेल्या पट्ट्या विचारात घ्यायला हरकत नाही. रॅममध्ये झिजणारा भाग नसल्याने ती सेकंडहँड घेता येते. घरी आणल्यावर मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवून ती तपासावी. एसएसडी मात्र नवीच घ्यावी. तिचे कप्पे लिहून लिहून झिजतात. नव्या ड्राइव्हला ती चिंता फारशी नसते : सॅमसंगच्या ८७० ईव्हीओची २५० जीबीची ड्राइव्ह दीडशे टीबी लिखाणाच्या हमीसह येते, म्हणजे रोज वीस जीबी लिहिले तरी वीस वर्षं.

अपग्रेडने न सुटणारी एक गोष्ट उरते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांवरच चालते. त्याआधीच्या यंत्रात आठ जीबी आणि एसएसडी घातल्यावर लिनक्स मिंट टाकावं. ते मोफत आहे, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात आणि युनिकोड मराठी त्यात नीट लिहिता येते.

काढलेली हार्ड डिस्क चांगल्या अवस्थेत असेल तर ती यूएसबी कव्हरमध्ये घालून बॅकअपसाठी ठेवावी. कुणाला द्यायची किंवा ई-कचऱ्यात टाकायची असेल तर फायली नुसत्या डिलीट करून भागत नाही; माहिती तबकडीवर तशीच असते आणि मोफत प्रोग्रामनेही परत काढता येते. पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहून घ्यावीत. एक टीबीला त्यासाठी तीन-चार तास लागतात.