धागा आपला की समुद्राचा?

पहाटे ४ : बंगालचा उपसागर. प्राणीप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक प्राणी; त्यांतले बरेचसे रात्री चरायला वर येतात, उजाडायच्या आत खोल उतरतात. म्हणून जाळं आत्ताच टाकायचं. जहाजावरचे सारंग म्हणतात, "मॅडम, जाळं नायलॉनचं, दोर नायलॉनचा, आणि शोधायचं काय, तर प्लास्टिक!" खरंच आहे. म्हणून जाळ्याचा नि दोराचा एकेक तुकडा, शिवाय जहाजाच्या रंगाची खपली, कुप्यांत जपून ठेवलीय. काही सापडलं तर आधी त्यांच्याशी ताडून पाहायचं.

५ : जाळं बाहेरून धुवायचं, म्हणजे चिकटलेलं सगळं टोकाच्या डब्यात उतरतं. मग काचेची बरणी, धातूचं झाकण, फॉर्मॅलिन.

९ : सुती कोट चढवला. सूक्ष्मदर्शकाशेजारी ओला गाळणकागद उघडा ठेवला; हवेतले धागे त्यावर पडू देत.

९.३० ते १ : कोपेपॉड हा प्राणीप्लवक जेमतेम मिलिमीटरभर. सुईनं एकेक उचलायचा, गाळलेल्या पाण्यात धुवायचा. मिशांत किंवा पायांत अडकलेला धागा गिळलेला धरायचा नाही. एकट्यादुकट्याच्या पोटात बहुधा काहीच नसतं. म्हणून एका जातीचे शेकडो मिळून एक नमुना.

दुपारी २ : काल पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवलेला नमुना गाळला. शरीर विरघळतं, बहुतेक प्लास्टिक टिकतं.

४ : गाळणकागदावर निळा धागा! तापलेली सुई लावली, तर आक्रसला. म्हणजे सूत नव्हे. पण शेजारच्या ओल्या कागदावरही तसलाच निळा धागा. खोडला. लालसर कपचा मात्र रंगाच्या खपलीशी जुळेना. नोंद केली : 'संशयित'. निकाल किनाऱ्यावर, अवरक्त वर्णपटावरून.

६ : वही लिहायची वेळ. वांकिडीला घरी गेलं की विचारतात, "समुद्राचं आपल्याला काय?" आपल्या ओढ्याचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून याच उपसागरात येतं; त्याबरोबर प्लास्टिकही येऊ शकतं. २०१३ मध्ये मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की प्राणीप्लवकांचे १३ प्रकार पॉलिस्टायरीनचे सूक्ष्म मणी गिळतात. मण्यांच्या गर्दीत एका कोपेपॉडचं शेवाळ खाणंही घटलं. पुढे असंही दिसलं, की प्लास्टिक मिसळलेली त्यांची विष्ठा सावकाश बुडते. समुद्र कार्बन तळाशी नेतो, त्यात या विष्ठेचाही वाटा असतो. पण ते प्रयोगशाळेतलं. भर समुद्रातला प्राणी खरोखर किती गिळतो, हे सांगायचं तर आपला प्रत्येक धागा आधी वगळावा लागतो.

रात्री ९ : पहाटेच्या पाळीवर कोण कोणत्या रंगाचे कपडे घालणार, ते उतरवून घेतलं. नवा खलाशी म्हणाला, "निळा, मॅडम." झालं! उद्याचे निळे धागे आजपासूनच बाद.