मध्यरात्रीनंतरच्या गाडीची तारीख कोणती?

संपादकांची अट होती : रेल्वेवर लिहा, पण इंजिनं, पूल, बोगदे नकोत. मग मी चाकही नाही नि शिट्टीही नाही अशा गोष्टीकडे वळलो. तिचं नाव रेलएमएल. युरोपातल्या रेल्वे कंपन्या, वेळापत्रकं आखणारी सॉफ्टवेअरं आणि सिग्नल यंत्रणा बनवणारे उद्योग ज्या ठरावीक मांडणीत एकमेकांना माहिती पाठवतात, ती ही मांडणी. त्यातही मी अडकून पडलो तो एका कोपऱ्यात : एका आवृत्तीतून दुसरीत जाताना काय बदललं, याच्या नोंदींत.

अधिकृत इतिहास थोडक्यात उरकतो. ड्रेस्डेनची फ्राउनहोफर संस्था आणि झुरिकचं ईटीएच विद्यापीठ यांनी या शतकाच्या आरंभी हे काम हाती घेतलं. दहा प्रणालींना आपसात बोलायचं तर 45 जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीला वेगळा दुभाषा लागतो. त्यापेक्षा सगळ्यांनी एकाच एक्सएमएल मांडणीत लिहावं, हा विचार. 2005 मध्ये 1.0 आली, 2009 मध्ये 2.0, पुढे 2.1 पासून 2.5 पर्यंत, आणि मधेच 2019 मध्ये 3.1. रूळ नि स्थानकं, वेळापत्रक, डबे-इंजिनं आणि इंटरलॉकिंग असे तिचे विभाग. प्रत्येक विभागाला एक समन्वयक असतो. सूचना आली की तिच्यावर चर्चा घडवायची, पटली तर ती पुढच्या आवृत्तीत घ्यायची आणि तसं लिहून ठेवायचं, हे त्याचं काम. खरा किचकटपणा या लिहिण्यात आहे.

रुळाकडेचा किलोमीटरचा दगड घ्या. जुनं वळण सरळ केलं की मार्ग 300 मीटरनी आखूड होतो, पण पुढचे सगळे दगड उपटून नव्याने रोवायला कुणी जात नाही. त्यामुळे 46.200 नंतर लगेच 46.500 येतो. उलट, वळसा घालून मार्ग लांबला तर तेच आकडे दोनदा येतात. निव्वळ वजाबाकी करणारा प्रोग्रॅम इथे सपशेल फसतो : नसलेले 300 मीटर गाडीला पळवतो आणि धावण्याचा वेळ चुकवतो. म्हणून दुसऱ्या पिढीच्या रेलएमएलमध्ये दोन आकडे वेगळे ठेवले आहेत. ‘पॉस’ म्हणजे रुळाच्या आरंभापासूनचं अंतर आणि ‘अ‍ॅब्सपॉस’ म्हणजे मार्गावरचा किलोमीटरचा आकडा. जिथे आकडा उडी मारतो तिथे ‘मायलेजचेंज’ ही खूण येते. उडीच्या अलीकडचा आकडा कोणता आणि पलीकडचा कोणता, हे ती सांगते. दगड न हलवता हिशेब जुळवण्याची ही युक्ती मला फार आवडली.

मध्यरात्रीचा घोळ याहून चिवट. रात्री 12 वाजून 10 मिनिटांच्या गाडीचं आरक्षण करताना ज्याची तारीख चुकली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. रेलएमएल 2 मध्ये वेळेसोबत दिवसाचा अंक लिहिता येतो : 0 म्हणजे तोच दिवस, 1 म्हणजे मध्यरात्र ओलांडली. गाडी कोणत्या दिवशी धावते, हे शून्य आणि एक यांच्या लांबलचक माळेत लिहितात. एका दिवसाला एक अंक. आता 23:40 ला सुटलेल्या गाडीला पुढच्या स्थानकात 00:30 ला काही डबे जोडले. त्या डब्यांच्या माळेतला ‘1’ कोणत्या तारखेचा? गाडी सुटली त्या, की डबे जोडले त्या? फाइल नियमात बसते की नाही, एवढंच यंत्र तपासतं. अर्थ माणसालाच शब्दांत लिहून ठेवावा लागतो.

बदलांच्या नोंदीचं मोल इथे कळतं. नाव बदललं, रकाना वाढला, तर दोन फायली शेजारी ठेवून यंत्रही ते दाखवून देईल. पण नाव तेच, रकाना तोच आणि खुलाशातलं एक वाक्य बदललं, तर यंत्राला पत्ताही लागत नाही. फाइल बिनतक्रार तपासून निघते आणि डबे एक दिवस उशिरा येतात. असा बदल ज्याने टिपून ठेवला, त्याचे आभार मात्र कुणी मानत नाही.

एका पिढीच्या आत जुनं सहसा काढून टाकत नाहीत. ‘यापुढे वापरू नये’ असा शेरा मारून ते तसंच राहू देतात. साफसफाई होते ती नवी पिढी आली की. तिसरी पिढी आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या ‘रेलटोपोमॉडेल’वर उभी राहिली आणि पायाच बदलला. दुसऱ्या पिढीत रूळ हा मुख्य घटक. त्यावर सांधे, त्यावर जोडण्या. तिसरीत आधी जाळ्याचे घटक आणि त्यांचे परस्परसंबंध मांडायचे, रूळ त्यांच्यावर बेततात. अशा वेळी ‘याचं ते झालं’ अशी यादी करायला बसलं तर निम्म्या ओळी अडतात, कारण एकास एक जोडी मिळत नाही.

त्यात 3.1 मध्ये वेळापत्रकाचा विभागच नव्हता, तो 3.2 मध्ये, 2022 साली आला. वेळापत्रकवाल्यांना तोवर दुसऱ्या पिढीतच राहणं भाग होतं, म्हणून 3.1 नंतरही 2.5 काढावी लागली. नोंदी आता दोन पिढ्यांच्या ठेवायच्या, आणि या पिढीतून त्या पिढीत कसं जायचं हेही लिहायचं. सिग्नल यंत्रणा एकदा बसवली की दशकानुदशकं चालते. तिच्याशी जोडलेलं सॉफ्टवेअर दरवर्षी नव्या आवृत्तीवर जाईल, ही आशा भाबडी आहे. मला काळजी वाटते ती या मधल्या काळाची : पाठवणारा एका आवृत्तीत, घेणारा दुसरीत आणि दोघांच्याही तपासणीत फाइल पास.

वाचकांपैकी कुणी अशा कामात असेल तर एक विनंती. नवी आवृत्ती काढताना नवा अर्थ लिहाच, पण त्याच ओळीत जुना अर्थही लिहा.