फिर्याद कागदावर येते तेव्हा

पोलीस ठाण्यात शिरले की पहिले टेबल ठाणे अंमलदाराचे. वायरलेसची खरखर, सतत वाजणारा फोन, संगणक, स्टेशन डायरी आणि समोर प्लॅस्टिकच्या दोन-तीन खुर्च्या. वकील, न्यायाधीश, उच्च न्यायालय हे सगळे नंतरचे. सामान्य माणसाची कायद्याशी पहिली गाठ इथे पडते, आणि अनेकांची शेवटचीही. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या अशाच एका टेबलापुढे मी शेजारच्या ताईंसोबत बसलो होतो. ताई उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सचे धागे कापायचे काम करतात. संध्याकाळी घरी येताना स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर एका मुलाने त्यांच्या हातातला मोबाईल हिसकावून नेला होता.

पहिला प्रश्न हद्दीचा निघाला. पायरी रेल्वेची की शहराची? प्रश्न अगदीच पोकळ नाही. एकट्या बदलापुरात पूर्व आणि पश्चिम ही ठाणी ठाणे शहर आयुक्तालयाची, कुळगावचे ठाणे ठाणे ग्रामीणचे, आणि फलाटावर पाय ठेवला की लोहमार्ग पोलिसांचा अंमल. पण ही वाटणी पोलिसांनी आपसात सोडवायची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. यालाच सगळे 'झिरो एफआयआर' म्हणतात. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवायचा आणि कागद योग्य ठाण्याकडे पाठवायचे. ताईंनी मात्र ''तिकडे जाऊन या'' हे ऐकताच पर्स उचलली होती. आपल्या लोकांना उठून जायची सवय फार लवकर लागते.

हद्दीचे मिटल्यावर अंमलदारांनी टाइप करायला घेतले. ते वाईट माणूस नव्हते. रात्रपाळी, बंदोबस्ताला गेलेली निम्मी माणसे, मध्येच नवराबायकोचे भांडण घेऊन आलेली मंडळी, या सगळ्यात ते टाइप करत होते. पण स्क्रीनवर वाक्य उमटले ते असे: मोबाईल कोठेतरी पडून गहाळ झाला. ताई म्हणाल्या, ''साहेब, पडला नाही. त्यानं ओढला. माझं मनगट बघा.''

या एका ओळीवर सगळे ठरत असते. वस्तू गहाळ झाल्याचा दाखला मिळतो, त्यावर नवे सिमकार्ड मिळते, पण तपास होत नाही, कारण गुन्हाच घडलेला नसतो. चोरी म्हटले तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३. त्यात गरिबाला जाचणारी एक गोष्ट आहे: चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो. म्हणजे हातात एनसीचा (अदखलपात्र नोंदीचा) कागद, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ताईंचा फोन जुना, वापरलेला घेतलेला, साडेचार हजारांचा. पण हिसकावून नेणे हा कलम ३०४ चा वेगळा गुन्हा आहे. तो दखलपात्र आहे आणि तिथे ही किमतीची अट नाही. घडले तेच लिहून घेण्यासाठी बाईला मनगट दाखवावे लागले. अंमलदारांनी ते पाहिले, ओळ खोडली आणि नव्याने लिहायला घेतले.

शेजारी बसलेले सिंधी काका हिंदीत सांगत होते आणि दुसरे हवालदार मराठीत लिहीत होते. या शहरात हे रोजचेच. म्हणूनच लिहिलेले वाचून दाखवणे हे कायद्याने पोलिसांवर टाकलेले काम फार मोलाचे आहे. जबाबाच्या शेवटी ''वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे'' असे छापील वळणाचे वाक्य येते. त्याखाली सही होते, आणि वाचून दाखवणे बहुतेकदा राहून जाते. काकांनी सही करण्याआधी वाचून मागितले. दुकानाचा गाळा क्रमांक चुकला होता, तो तिथल्या तिथे बदलला गेला.

हे सगळे बारीकसारीक वाटेल. पण बदलापूर आठवावे. नवा कायदा लागू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराची फिर्याद द्यायला गेलेल्या पालकांना ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले. पॉक्सो कायदा सांगतो की बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अंगावर गणवेश नसावा. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले होते की दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे. तरीही २० ऑगस्ट २०२४ ला हजारो लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले, तेव्हा कुठे सरकार हलले. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. जे काम एका टेबलावर, त्याच दिवशी व्हायला हवे होते, त्यासाठी एका शहराला रेल्वे रोखावी लागली, याची मला अजूनही चीड येते.

एफआयआर घेतच नाहीत म्हटले तर रस्ता संपत नाही. खबरीचा मजकूर लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवायचा. शहर आयुक्तालयात त्या जागी उपायुक्त, या पट्ट्यासाठी परिमंडळ ४. तिथेही काही झाले नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. टपालाची पावती जपून ठेवायची.

ताईंवर ती वेळ आली नाही. एफआयआरची प्रत त्यांच्या हातात पडली. ही प्रत फुकट आणि लगेच द्यायची असते. झेरॉक्सचे पैसेसुद्धा मागता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या प्रतीवरून आम्ही केंद्र सरकारच्या पोर्टलवर आयएमईआय क्रमांक टाकून फोन बंद पाडला. फोन अजून सापडलेला नाही. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती तारीख ताईंनी मोजून कॅलेंडरवर लिहिली आहे, आणि कोणी कळवले नाही तर आपण स्वतः विचारायला जाणार, असे कामावरच्या मुकादमाला आत्ताच सांगून ठेवले आहे.